काहिलीतली जागा

"तोंड मिटायचं, पोरा, आन् बोटांनी बोलायचं. मालकाला गिऱ्हाइकाचं कळू द्यायचं न्हाई, गिऱ्हाइकाला मालकाचं. मधी रुमाल हाय तवर सौदा हाय. रुमाल उडाला की मारामारी."

महंमदच्या बापाचा हा आवाज. बाप हेडी होता, बैलांच्या बाजारात सौदे जुळवून देणारा. वडगावच्या बाजारात लिंबाखाली उभा राहायचा, खांद्यावरचा रुमाल हातावर पसरायचा आणि त्याच्या आडोशाला मालकाची बोटं दाबायचा. मग चार पावलं चालून गिऱ्हाइकाची. तोंडातून शब्द नाही. लहानग्या महंमदला वाटायचं, रुमालाखाली बापानं एखादं पाखरू धरलंय. बाप जाऊन चाळीस वर्षं झाली. रुमालही कुठं विरून गेला. आवाज तेवढा राहिला, खोल विहिरीत टाकलेल्या खड्यासारखा, अजून खाली खाली जाणारा.

महंमद स्वतः एसटीत कंडक्टर झाला, आणि निवृत्तीनंतरही कुरणवाडीत सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. पण बापाची विद्या बोटांत उतरली होती. बांधाचं भांडण असो, रुसून माहेरी बसलेली सून असो, गाव म्हणायचं, "कंडक्टरला बोलवा. सरकवून सरकवून दोघांस्नीबी बसवतोय." तो दोन्ही घरांत वेगवेगळा जायचा. इकडे काय दुखतंय ते चाचपायचा, तिकडे काय सुटतंय ते बघायचा. कोर्टात कुजत पडलेला एक वाद त्यानं विहिरीच्या दोन पाळ्या आणि एका रेडकावर मिटवला होता. "रिकाम्या हाताची मूठ हुती," तो सांगायचा. "हातात कायतरी ठेवा. मूठ आपोआप उघडती."

आता त्याच्यापुढं होतं ते आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भांडण. त्याची गाठ त्यानंच मारली होती, आणि ते गावाला माहीत नव्हतं.

कुरणवाडी शिरोळ तालुक्यातली, कृष्णेच्या वळणावरची. वर पाटलांची गल्ली, खाली नदीच्या कुशीत बौद्धवस्ती, अडतीस घरं. एकोणीस सालच्या ऑगस्टात नदी आली ती न सांगता वस्तीतच शिरली. गावात होड्या दोनच. म्हणून अण्णासो पाटलांनी गुऱ्हाळावरची काहील पाण्यात लोटली. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी परात, सात-आठ माणसं मावतील एवढी. तिला नाक नाही, शेपूट नाही. पाण्यात ढकलली की गरगरत जाते. ती हाकायला माणूस कसबी लागतो. अण्णासोंचा गुळव्या कृष्णात बांबू घेऊन तिच्यात उभा राहिला आणि दोन दिवस त्यानं गाव वाहिलं.

वस्तीतल्या शालन कांबळेच्या घरापाशी काहील आली तेव्हा तिच्यात आधीच माणसं होती. शालन चढली, धाकट्या सार्थकला घेऊन चढली, म्हातारी सासू चढली. थोरली निशा पत्र्यावर थांबली. एकोणीस वर्षांची पोर. "मी मागनं येतो, आई," म्हणाली. "जावा तुमी."

पुढच्या फेरीला काहील आली. शाळेच्या पायरीवर उभ्या शालननं लांबून, पावसाच्या धारांतून बघितलं. काहील तिच्या घराकडं निघाली, निम्म्यात पोचली, आणि तिथून माघारी वळली. काठावर अण्णासोंचा पोरगा पृथ्वीराज शिट्टी मारत, हात हलवत ओरडत होता. थोड्या वेळानं घराची भिंत बसली. निशा तिसऱ्या दिवशी बाभळीच्या बेटात सापडली.

वस्तीतल्या बायकांनी पुढं त्यावर ओवी जुळवली. घरातलं दगडी जातं कधीच गेलं, दळण गिरणीत जातं, पण ओवी काही जात नाही.

पाण्याला न्हाई दार, पाण्याला न्हाई कडी
लेक बसली पत्र्यावर, तिला कोण दील शिडी

पृथ्वीराजनं काहील माघारी बोलावली, अशी तक्रार शालननं पोलिसांत दिली. वस्तीनं पाटलांच्या उसाची तोड सोडली. पाटलांनी माळावर जायची वस्तीची वाट तारेचं कुंपण घालून बंद केली. कृष्णातला विचारलं तर म्हणाला, "मला काय आठवत न्हाई," आणि पिऊन पिऊन गेल्या साली तो वारला.

त्या फेरीला काहिलीत तीन माणसं होती. कृष्णात, महंमद, आणि गादीवर आडवी घातलेली महंमदची बायको हाफिजा. हाफिजाला दमा. ओठ काळेनिळे झाले होते. कृष्णातला मागं वळायला लावलं ते महंमदनं. पावसात काठावरून कुणाला चेहरे ओळखू आले नाहीत; पुढं डांबरी रस्त्याला फौजेची बोट होती, तिनं दोघांना पुढं दवाखान्यात नेलं. म्हणून गावाला वाटत राहिलं की कंडक्टर फौजेच्या बोटीतनं बाहेर पडला. महंमदनं ते तसं वाटू दिलं. पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं, मग महिना राहिलं, मग वर्षाचा थर बसला. सहा वर्षांत त्या थरावर गवत उगवलं.

यंदा पुण्याची एक संस्था गावात पूरनिवारा बांधून द्यायला निघाली. उंचावर मोठी इमारत, पाण्यात दोनशे माणसं राहतील अशी. जागा अण्णासोंच्या माळाची. अट एकच: गावात वाद नको, दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. मृग निघायच्या आत पाया घालायचा होता. गाव महंमदकडं आलं. आणि महंमदच्या मनात एक आशा पालवली, जिची त्याला लाज वाटायची: हे जुळलं तर सगळ्यांचं भलं होईल, पृथ्वीराजवरचा आळ जाईल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

*

शालन पुरानंतर कोल्हापूरला आली होती. टेंबलाईच्या टेकडीजवळ तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भाड्याची खोली बघताना तिनं नळाचं, लाइटीचं काही विचारलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, "हितं पाणी चढतं का?" मालक हसला होता, "बाई, हितं पाणी चढलं तर आख्खं कोल्हापूर गेलं म्हणायचं."

पोरांच्या खानावळीला ती भाकऱ्या करून द्यायची. महंमद गेला तेव्हा परात पुढं होती, तवा तापला होता.

"या की भाऊ. पाणी घ्या. हाफिजाभाबी बरी हाय?"

"हाय. पंप चालूच हाय तिचा."

"तिला म्हणावं आल्याचा रस घे मधातनं. डाक्टरचं काय खरं न्हाई."

महंमद खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शालन, मी बोलणं घिऊन आलोय."

"ते दिसतंयच की. टोपी काढली म्हंजे बोलणं."

त्यानं एकेक मांडायला घेतलं. पूरनिवाऱ्याला निशाचं नाव. दारावर, मोठ्या अक्षरांत. शालन भाकरी थापत राहिली. तळव्याखाली पीठ फिरत होतं, गोल, गोल, कड न तुटता.

हेडीचा पोरगा तो. मालक गप्प राहिला म्हणजे अजून थोडं हवंय, हे त्याला बापानं शिकवलेलं. त्यानं पुढचं ठेवलं. अण्णासोंचा भाऊ साखर कारखान्यात संचालक आहे. सार्थकला तिथं कायमची नोकरी.

भाकरी तव्यावर गेली. तिनं पाण्याचा हात फिरवला.

"आन् माळावरची वाट मोकळी. तार काढायला लावतो. कागदावर लिहून घितो, वस्तीची वाट म्हणून. आधी तार निघंल, मग तू सही कर. तुझ्यावर भरवसा ठेवायची वेळ आधी त्येंची."

भाकरी फुगली. शालननं ती उतरवून फडक्यात ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"लई देतायसा, भाऊ. मी मागितलेलं सोडून."

"तू काय मागितलंस?"

"कवा इचारलंसा?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"वस्तीतल्या बाया फोन करत्यात," शालन म्हणाली. "शालनबाई, सही कर, आमची पोरं हायत, पुन्यांदा पाणी आलं तर? त्येंचं खरं हाय. निशा माझी एकटीची हुती, निवारा सगळ्यांचा हाय. मी सही करणार न्हाई असं कवा म्हटलं? पर मला कुणीतरी तोंडानं सांगावं. शाळंच्या पायरीवरनं मी बघत हुतो. काहील निम्म्यापातूर गेलती. निम्म्यातनं का फिरली? सहा वरसं मी रोज तेवढीच वाट चालतो, भाऊ. निम्म्यापातूर जातो आन् थांबतो. पुढचं मला कुणी सांगतच न्हाई."

आता बोलावं. महंमदसमोर पाण्याचा तांब्या होता. तांब्या उचलून त्यानं पाणी प्यायलं, आणि पाण्याबरोबर तेही गिळलं.

"बघतो," तो म्हणाला. "पृथ्वीराजशी बोलतो."

जिना उतरताना त्याला कळलं की आपण काय केलं. तिनं दुःख उघडं करून दाखवलं होतं आणि आपण त्याच्यावर रुमाल टाकून ते पलीकडच्या बाजूला न्यायला निघालो आहोत, आणखी एक अट म्हणून.

*

"ये कंडक्टर!" अण्णासो पाटील सोप्यातूनच ओरडले. पांढऱ्या मिशा, मोठा आवाज, गुडघेदुखीनं पाय लांब केलेले. "काय म्हणती ती? नाव दिलं, नोकरी दिली, वाट दिली. आता काय माझी मिशी मागती का काय?"

"अण्णासो, जीभ आवरा."

"बरं, आवरली. बोल."

महंमदनं सांगितलं. तिला पैसाअडका नको. पृथ्वीराजनं तिच्यासमोर कबूल करावं.

पृथ्वीराज दाराला टेकून उभा होता. सत्तावीस वर्षांचा, रोज पहाटे पळून पळून वाळलेला. पोलीस भरतीची त्याची यंदाची शेवटची संधी. वय निघून चाललं होतं, आणि नावावर तक्रार असल्यामुळं दोनदा कागद अडकले होते.

"पर चाचा, मी म्हटलोच न्हाई," तो म्हणाला. "मी शिट्टी मारत हुतो ती बिगीबिगी जावा म्हणून. भिंत हालायलती, मला काठावरनं दिसत हुतं. मी म्हागं या म्हटलोच न्हाई. कृष्णातमामा का फिरला मला आजून कळलं न्हाई."

"मला काय तुझं खोटं वाटतंय व्हय रे?" अण्णासोंचा आवाज एकदम उतरला. "पर कृष्णात गेला. खरं-खोटं करायला हाय कोण आता? एवढं एक वाक्य म्हण. ती सही करती, तक्रार म्हागं घेती, तुझा कागद सुटतोय, निवारा हुतोय. एका वाक्यानं अंगाला काय भोक पडतंय?"

पृथ्वीराज महंमदकडं बघत राहिला. लहानपणी एसटीत या माणसाच्या मांडीवर बसून त्यानं तिकिटं पंच केली होती. "चाचा, तुमी म्हणालासा तर म्हणतो. तुमी कवा कुणाचं वाईट केलं न्हाई."

महंमदनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यालाही कळलं नाही. पृथ्वीराजनं ती होकाराची धरली.

परत येताना महंमद वस्तीच्या कडेनं आला. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या बायका गात होत्या. त्याला बघून कुणी थांबलं नाही. कंडक्टर आपलाच माणूस.

निम्म्या वाटेत आली, कशी माघारी वळली
किस्नामाई तुला ठावं, तुझी जीभ का गं जळली

घरी हाफिजा पाठीला तक्का लावून बसली होती. झोपली की दम लागायचा, म्हणून सहा वर्षं ती बसूनच झोपायची.

"जुळलं?" तिनं विचारलं.

"जुळलं. पोरगा व्हय म्हणतोय."

"काय व्हय म्हणतोय?"

त्यानं सांगितलं. हाफिजानं तक्क्यावरची पाठ सरळ केली. छातीतून बारीक शिट्टी येत होती. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या लेकराला तुमचं पाप बोलायला लावताय व्हय? आवो, मी श्वास घेतो न्हवं, त्यो त्या पोरीच्या वाट्याचा हाय. मला ठावं हाय. म्हणून त्यो मला पुरत न्हाई."

"आता बोललो तर सगळं मोडतंय, हाफिजा. वस्ती म्हणंल, ह्येनंच केलं आन् ह्योच मधी बसलाय. सह्या व्हायच्या न्हाईत. निवारा जाईल."

"निवारा म्हणू नगासा. तुमी जाशीला, असं म्हणा."

*

सह्या रविवारी सकाळी ठरल्या, शालनच्या खोलीत. तिनं सतरंजी अंथरली होती. खिडकीतून टेकडीवरचं ऊन सरळ आत येत होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली निशाचा दहावीतला फोटो, वेणीत अबोलीचा गजरा.

अण्णासो जिना चढून धापा टाकत आले आणि दारातच थबकले. सहा वर्षांत शालन त्यांच्यासमोर आली नव्हती. बोलायला त्यांच्याकडं मोठे मोठे शब्द होते, ते जिन्यात कुठंतरी सांडले.

"बसा पाटील," शालन म्हणाली. "गुडघं दुखत्यात न्हवं? खुर्ची घ्या."

"असू दे, असू दे. खालीच बसतो." आणि ते खरंच खाली बसले, कण्हत, भिंतीचा आधार घेत.

तार परवाच निघाली होती. सार्थकनं मोबाइलमधला फोटो आईला दाखवला: मोकळी वाट, उपटलेल्या खांबांचे खड्डे. महंमदनं कागद सतरंजीवर ठेवला. त्यानं स्वतः लिहिलेला, सुबक अक्षरात. कुणी काय द्यायचं, आधी कुणी, मागनं कुणी, सगळं. त्यात कुणाची चूक कुठंच नव्हती. तसंच लिहिलं होतं त्यानं, दोन्ही बाजूंना टोचू नये म्हणून.

शालननं कागद वाचला नाही. पेन हातात घेतलं. "मी सही करणार," ती म्हणाली. "वस्तीला शब्द दिलाय. फक्त ह्या पोरानं मला सांगावं. रागावणार न्हाई मी. शिव्या देणार न्हाई. मला कळू दे, एवढंच. बस की पृथ्वीराज, असा उभा का?"

पृथ्वीराज तिच्यासमोर मांडी घालून बसला. अण्णासोंनी डोळे मिटून घेतले. पोराच्या कपाळावर घाम होता. त्यानं एकदा निशाच्या फोटोकडं बघितलं. दोघं एकाच शाळेत होते, तो दोन वर्षं पुढं.

"मावशी," तो म्हणाला. "मावशी, त्या दिवशी मी..."

शालन पुढं वाकली. तिच्या तोंडावर जे उमटलं ते महंमदनं बघितलं. राग नव्हता त्यात. सहा वर्षं दाराशी उभी असलेली बाई, आणि आता दार उघडणार म्हणून तिनं श्वास धरला होता. तिला खोटं दिलं जाणार होतं आणि ती ते दोन्ही हातांनी घेणार होती. घरी नेणार होती. मरेपर्यंत जपणार होती.

"मी शिट्टी मारली आन् कृष्णातमामाला म्हटलं की..."

"गप," महंमद म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले.

"गप, पोरा. तू काय म्हटला न्हाईस." त्यानं सतरंजीवरचा कागद ओढून घेतला, का, ते त्याला माहीत नव्हतं, हातांना काहीतरी धरायला हवं होतं. "शालन, त्येच्याकडं बघू नगंस. माझ्याकडं बघ."

"भाऊ?"

"त्या फेरीला काहिलीत मी हुतो."

अण्णासोंनी डोळे उघडले. "कंडक्टर, काय बोलतोयस?"

"बोलू द्या अण्णासो. एकदा थांबलो तर पुन्यांदा बोलायचा न्हाई." "फौजेच्या बोटीतनं न्हाई आलो आमी. मी, हाफिजा आन् कृष्णात. हाफिजाचा दम कोंडलेला. कृष्णातनं काहील तुझ्या घराकडं घातली. निशा पत्र्यावर हुती. लाल ओढणी हुती तिची, ती हालवत हुती. कृष्णात म्हणला, कंडक्टर, घिऊया पोरीला, लांब न्हाई. मी त्येचा बांबू धरला, शालन. ह्या हातानं. त्यो म्हणला, दहा मिंटं लागतील. मी म्हणलं, न्हाई, आधी हिला न्हे, फिरव म्हागं."

शालनच्या हातातलं पेन तसंच होतं. तिनं विचारलं, इतक्या हळू की खोलीत कुणाला पुरतं ऐकू आलं नसतं, पण महंमदला आलं.

"काहील भरली हुती का?"

सहा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. हाफिजानंही नाही. भरली होती, असं तो स्वतःला सांगत आला होता. पाणी आत येत होतं, गादी होती, बुडाली असती.

"न्हाई," महंमद म्हणाला. "भरली न्हवती. जागा हुती. मी निशाकडं बघून म्हणलो, पोरगी तरणी हाय, टिकंल तासभर."